रस्ता रिकामा करणारी काच

सूर्याशी उघड वैर धरलेला आणि ते वैर अखेरपर्यंत निभावणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते म्हणजे माझे मामेसासरे. आणि या माणसाला, त्याच्या बायकोसकट, मी एकदा भर रस्त्यात ‘ओळखत नाही’ म्हणालो. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच नाही. मुळात मी कमी बोलणारा माणूस, आणि कमी बोलण्याचा एक फायदा असा की लोक त्याला सज्जनपणा समजतात. पण आता पन्नाशी उलटली, आणि मामांना ‘चक्रम’ म्हणून हसणारे नातेवाईक दर लग्नात दोन-चारांनी वाढलेले दिसतात. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मीही या लेखात पोटभर हसणार आहे. फक्त त्यांच्यासारखं अर्धं ऐकून नाही.

मामांचं म्हणणं असं, की मद्रासवर ऊन ओतताना देवाचा हात सुटला आणि पुन्हा आवरलाच नाही. “इतका उजेड कशास? ह्या उजेडांत कोण्हीस कांहीं दिसत नाही. डोळे बारीक करून नुसती गर्दी पाहातात!” हा देवाचा उधळेपणा काबूत आणायचा म्हणून ते कॅमेऱ्याच्या भिंगापुढे काळी काच लावत. फोटोग्राफीच्या धंद्यातले लोक तिला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर म्हणतात. मामा नुसतं ‘काच’ म्हणत, जसं आपण घरात नुसतं ‘देव’ म्हणतो. ही काच रंगात ढवळाढवळ करत नाही, फक्त उजेड कमी करते. उजेड कमी झाला की फोटो उमटायला वेळ लागतो, शटर मिनिटंच्या मिनिटं उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात जे हलत राहतं त्याचा मागमूसही फोटोत राहत नाही. चालणारी माणसं, सायकली, बस, सगळं पुसून जातं. उरतं ते फक्त जागचं न हललेलं. बाकीचं जग फोटो काढतं ते माणसं दिसावीत म्हणून. मामा काढत ते माणसं जावीत म्हणून. यात माणसांचा द्वेष नव्हता. विमा कचेरीत हेडक्लार्क असलेल्या माणसाला दिवसभर काउंटरपलीकडे जे दिसतं, ते रविवारी तरी दिसू नये, एवढंच.

आमची पहिली भेट झाली ती एका इडलीमुळे. मी सांगलीहून नोकरीसाठी येऊन मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात एका मॅन्शनवर राहत होतो. मॅन्शन हे नाव. खोली कबुतराला पुरेल एवढी, आणि मजल्यावर सगळे माझ्यासारखे अविवाहित कारकून. खाली कोपऱ्यावरच्या हॉटेलात एका सकाळी समोरच्या टेबलावर एक गृहस्थ बसले होते. कपाळाला गंध, कमरेला स्वच्छ पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, आणि डोळ्याला लावलेली काळी गोल काच. त्या काचेतून ते वाफाळत्या इडलीकडे असे बघत होते, की जणू इडलीने काहीतरी लपवलं आहे. वेटर सांबाराची बादली घेऊन ताटकळत उभा. हे त्याला हाताने थोपवून दुसरी काच काढतात, तिसरी काढतात, पुन्हा पहिली. शेवटी वेटर वैतागून तमिळमध्ये म्हणाला, “सार, इडली शिजलीय. डॉक्टरची गरज नाही.” गृहस्थ काच न काढता स्वतःशीच पुटपुटले, “ही गुलाबी दिसते. ही हिरवी. ऐसं कैसं?” मद्रासमध्ये आल्यापासून तीन महिन्यांत कानावर पडलेलं हे पहिलं मराठी. मी घास तसाच ठेवून त्यांच्या टेबलाशी गेलो.

हे गृहस्थ म्हणजे मामा, आणि ते मराठी म्हणजे तंजावरी मराठी. तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेलं, वाटेत तमिळ शेजार लाभलेलं, आणि आपण परत कधी जाणार हा प्रश्नच न पडलेलं. त्यांनी मला बसवून घेतलं आणि समजावलं, की काच खरोखर तटस्थ असेल तर तिच्यातून इडली काळपट दिसेल, राखाडी दिसेल, पण रंगीत दिसणार नाही. जगात इडलीइतकं निर्मळ पांढरं दुसरं काही नाही. कागद पिवळा पडतो, वेष्टीला नीळ असते, भाताला शितागणिक छटा. म्हणून नवी काच घ्यायची तर परीक्षा इडलीवरच. हार्बरजवळच्या बाजारात बोटींवरून उतरलेल्या परदेशी वस्तू विकायला यायच्या. तिथे मामा डब्यात दोन इडल्या घेऊन जात. दुकानदाराने काच पुढे केली की हे डबा उघडणार. एक दुकानदार तर यांना लांबूनच पाहून ओरडायचा, “सार, काच घ्यायला आलात की टिफिन करायला?” मामा शांतपणे उत्तर देत, “तुझी काच चांगली असेल तर काच. नाही तर टिफिन.” बहुतेक वेळा टिफिनच होई. तिथेच पायरीवर बसून, चटणीशिवाय.

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा, फार शहाणा असल्यासारखा, विचारलं, “मामा, तुम्ही फोटो काढता ते ब्लॅक अँड व्हाइट. मग काच गुलाबी असली काय नि हिरवी असली काय, फिल्मला काय कळणार?” मामांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी नंतर फक्त एकदाच पाहिली, आमच्या ऑडिटरची. “फिल्मास कळत नाही. मजला कळतं की.” बस्स. त्या माणसाचं सगळं चरित्र या दोन वाक्यांत आहे. मी नंतर कितीतरी थोरामोठ्यांची भाषणं ऐकली, पण फिल्मला कळत नसताना स्वतःला कळतं म्हणून पायरीवर कोरडी इडली खाणारा माणूस पुन्हा पाहिला नाही.

त्यांच्या भाचीचं स्थळ मला आलं तेव्हा घरच्या मंडळींनी गोत्र, पगार, नोकरी कायमची आहे का वगैरे विचारून घेतलं. मामांनी खिशातून काच काढली आणि सगळ्यांच्या देखत तिच्यातून मला न्याहाळलं. मी घामाने निथळत बसलो होतो. “चालेल,” त्यांनी निकाल दिला. “ह्यास कसलाही रंग चढत नाही.” मामांच्या तोंडी ही सर्वोच्च स्तुती होती. माझी बायको आजही तिला स्तुती मानत नाही.

लग्नात फोटो काढायचा मान साहजिकच मामांकडे. दुपारी मंडपाबाहेर अंगणात सगळ्यांना बसवून त्यांनी काच लावली आणि “कोण्ही हालूं नका” म्हणून घड्याळ हातात धरलं. आता लग्नाची माणसं हलायची कशी थांबणार? फोटो धुऊन आला तेव्हा त्यात केळीचे दोन खांब, पितळी घागरी, आणि खुर्चीत गाढ झोपलेली एक चुलत आत्या अशी शोभा होती. नवरी मान खाली घालून बसलेली, म्हणून तिची साडी तरी नीट आली. तिच्या शेजारी, जिथे मी होतो, तिथे थोडी वाफ. घरात हलकल्लोळ. सासूबाई भावाला म्हणाल्या, “अण्णा, जांवई कोठें?” मामा ठाम. “मी काढलं तें खोटं नाही. तो हालला.” त्यानंतर घराण्यातल्या लग्नांत मामांना कॅमेरा आणायची बंदी झाली. ते लग्नाला जात, जेवत, आणि इतरांनी काढलेल्या फोटोंकडे पाहून म्हणत, “सगळेच दिसतात. मग उपयोग काय?”

शहरातल्या एका हौशी फोटोग्राफर मंडळात त्यांनी एकदा मंदिराच्या तलावाकाठच्या रस्त्याचा फोटो दिला. रस्ता चिटपाखरूही नसलेला. चिटणीस हसून म्हणाले, “पहाटे उठून काढलात वाटतं.” मामांनी फोटो त्यांच्या नाकाशी धरला आणि विजेच्या खांबाची सावली दाखवली. खांबाच्या बुडाशी चिकटलेली, बोटभर. “पहाटे सावली ऐसी पडते की? हे बारा वाजतां आहे. शाळा सुटली, देऊळ बंद होतं, मार्केटचं सामान जातं, तेव्हांचं. दीडशें माणसं आहेत ह्यांत. शोधा.” चिटणिसांनी शोधली नाहीत. मंडळाने फोटो परत केला. मामांनी मंडळ सोडलं, आणि वर्गणी भरलेली असूनही परत मागितली नाही, हा त्यांच्या मते मंडळाचा सर्वांत मोठा अपमान होता.

आता मामींबद्दल. मामी ठेंगण्या, गोऱ्या, नऊवारीत, आणि जन्मापासून गर्दीत. माहेरी भावंडांची रांग, सासरी दीर-नणंदांचा गोतावळा, वर आल्यागेल्याचा राबता. एकदा आम्ही सगळे जेवत असताना वाढता वाढता त्या सहज म्हणाल्या, “जन्मलें त्यापासून मी एकटी ऐसी कोठें उभीच राहिलें नाही. न्हाणींत गेलें तरी कोण्ही तरी दार ठोकतं.” बाकीचे हसले. मामा हसले नाहीत. जेवण झाल्यावर हात धुता धुता ते म्हणाले, “तुला उभी करतों. तलावाच्या रस्त्यांत. भर बारा वाजतां. एकटी.” मामींनी रस्समचं भांडं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा मला आठवतो. लग्न ठरलेल्या मुलीचा असतो तसा.

मग सुरू झाली काचेची निवड, आणि ती साधी नव्हती. काच जितकी काळी तितका वेळ जास्त, तितका रस्ता स्वच्छ. पण तितका वेळ मामींना उन्हात निश्चल उभं राहायला हवं, आणि त्यांचे गुडघे दोन्ही गेलेले. मामांनी काचा ताटात मांडून स्वयंपाकघरात नेल्या. मामींनी आपल्या मापाने उत्तर दिलं, “भाताच्या आधणाला उकळी येईतों उभी राहीन. भात शिजेतों म्हणाल तर होणार नाही.” मामांनी हे वाक्य कायद्यासारखं मानलं. चुलीपाशी घड्याळ घेऊन बसले. आधण आठ मिनिटांत उकळलं. भात शिजेपर्यंतची काच ही त्यांच्याकडची सर्वांत उत्तम, इडलीच्या परीक्षेला उतरलेली, वर्षभराच्या खेपांनंतर मिळालेली. ती त्यांनी पुसून कापसात गुंडाळून परत ठेवली आणि आधणाची काच निवडली. मामींच्या गुडघ्यांसाठी मामांनी सोडलेली ही एवढी एकच शुद्धता मला ठाऊक आहे.

पण आधणाच्या काचेत एक धोका होता. आठ मिनिटांत चालणारे पुसले जातील, पण कोणी तीन-चार मिनिटं थांबलं तर त्याचं भूत उमटणार. म्हणून मला कामगिरी मिळाली. “माप्पिळ्ळै,” मामा म्हणाले. जावयाला ते हीच तमिळ हाक मारत. “माणसं येऊं द्या, जाऊं द्या. कोण्हीस थांबूं मात्र देऊं नका. तुमचं काम एवढंच.”

ठरलेल्या रविवारी बाराच्या ठोक्याला मामी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. छत्री नाकारली. हात पोटाशी जुळवलेले, नजर कॅमेऱ्यावर. दोन्ही बाजूंनी सायकली, हातगाड्या, देवळातून परतणारी माणसं वाहत होती आणि मामी त्यांच्या मध्ये, नदीतल्या दगडासारख्या. मामांनी शटर उघडलं आणि लगेच एक पोलीस आला. “अम्मा, रस्त्यातून बाजूला व्हा.” अम्मा ढिम्म. तो मामांकडे वळला आणि थांबून हुज्जत घालू लागला, तसे मामा कळवळून ओरडले, “अय्या, शिव्या द्या! पण चालत चालत द्या! नडंग, नडंग!” म्हणजे चाला, चाला. आणि तो पोलीस, देवाशपथ सांगतो, तावातावाने येरझाऱ्या घालत शिव्या देऊ लागला. फोटोत त्याचा पत्ता नाही. मी दुसऱ्या टोकाला लोकांना हाकत होतो, आणि मला, खरं सांगतो, मजा येत होती.

तेवढ्यात मागून हाक आली, “अरे वा, तुम्ही इकडे कुठे?”

आमचे साहेब. पुण्याचे. मला नुकतंच ज्यांच्या हाताखाली घेतलं होतं आणि ज्यांच्या एका शब्दावर माझी बढती अडली होती, ते. पाहुण्यांना देऊळ दाखवायला आले होते. देऊळ बंद झालेलं, पाहुणे नारळपाणी प्यायला गेलेले. साहेब मलाही बरोबर घेऊन चालत चालत थेट मामींच्या पुढे, जरा बाजूला, तीन-चार हातांवर आले आणि थांबले. लांबून मामांनी पोलिसाच्या खांद्यावरून पाहिलं आणि हात उडवले, “नडंग सार, नडंग!” एरवी साहेब पुढे गेलेही असते. पण त्यांना ‘चालू लागा’ असं सांगणारा मद्रासमध्ये अजून जन्मायचा होता. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली, हात मागे बांधले आणि पाय रोवले. “हा कोण मला हाकलणार? मी आता इथंच उभा राहतो.” मीही पाठ फिरवली. मामांना माझं तोंड दिसू नये म्हणून. त्यामुळे माझं तोंड आलं नेमकं मामींकडे.

“हे काय नाटक आहे हो?” साहेबांनी विचारलं. “या बाईला उन्हात का उभं केलंय?”

“काही कल्पना नाही, सर.”

“नऊवारी दिसतेय. ते तंजावरी तर नव्हेत? तुमची सासुरवाडी त्यांच्यातलीच ना? काय ती भाषा! तीनशे वर्षं बरणीत राहिलेलं लोणचं!” साहेब मोठ्याने हसले. मीही हसलो. “तुमच्यापैकी कोणी नाही ना?”

“छे, छे, सर,” मी म्हणालो. “मी नाही ओळखत यांना.”

त्या अख्ख्या रस्त्यात मराठी समजणारी माणसं, मामा सोडले तर, तीन. त्यातल्या एकीला हलायची परवानगी नव्हती. मामींची नजर कॅमेऱ्यावरून ढळली नाही. मान हलली नाही, हात सुटले नाहीत. आधणाला उकळी येईपर्यंत उभी राहीन म्हणाल्या होत्या, तशा त्या उभ्या राहिल्या. साहेबांचं समाधान होऊन ते पाहुण्यांकडे गेले तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेलो. नारळपाणी त्यांनीच पाजलं.

परत आल्यावर मामांना मी सांगितलं, की कोपऱ्यावर एक हातगाडी अडकली होती, ती काढत होतो.

संध्याकाळी मामांनी न्हाणीत फोटो धुतला आणि ओला प्रिंट चिमट्यात धरून बाहेर आणला. रस्ता रिकामा. दोन्ही बाजूंची दुकानं, तलावाच्या पायऱ्या, सगळं लखलखीत, आणि मधोमध मामी, पदराच्या काठासकट स्पष्ट. आणि त्यांच्या शेजारी दोन पाठमोरे पुरुष. अर्धे पारदर्शक. त्यांच्या अंगांतून पलीकडच्या पायऱ्या दिसत होत्या. मामांनी प्रिंट दिव्याखाली धरला. मग म्हणाले, “पूर्ण उभे राहिले असते तर पूर्ण दिसले असते. चालले असते तर गेले असते. हे मधले. कोण हे दोन गाढव?”

मी तोंड उघडलं, पण स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आधी आला. अगदी रोजचा, पळीचा आवाज मिसळलेला.

“असतील कोण्ही. मी नाही ओळखत यांना.”

शेवटचे शब्द त्यांनी आमच्या मराठीत म्हटले. सांगलीच्या. त्यांच्या तोंडी कधी नसणाऱ्या वळणात. मामांच्या ते ध्यानात आलं नाही. नंतर ताटं मांडली गेली, मला रस्सम नेहमीसारखंच वाढलं गेलं, तूपही. पुढे त्या जितकी वर्षं होत्या तितकी वर्षं वाढलं गेलं. त्या दुपारबद्दल मात्र त्या कधी बोलल्या नाहीत, आणि ज्या घरात न बोलणारे दोघे असतात तिथे कोणालाच काही कळत नाही.

मामा पुन्हा काढायचं म्हणत होते. “पुढच्या रविवारीं. हे दोघे नकोत.” मामी म्हणाल्या, “पोदुम. एकदां उभी राहिलें.” पोदुम म्हणजे पुरे. त्यानंतर गुडघ्यांनी साथ सोडली, मग बाकीच्या शरीराने. दुसरा फोटो झाला नाही. जो आहे तो मामांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर आहे. नातेवाईक म्हणतात, बायकोच्या फोटोत दोन परके पुरुष, काढून टाका, नाहीतर कातरा. मामा कातरत नाहीत. आता त्यांचे दोन्ही मोतीबिंदू काढले आहेत, आणि ते म्हणतात की डॉक्टरने घातलेली भिंगं किंचित निळी आहेत, इडली पाहून सांगतात. पण आल्यागेल्याला फोटोसमोर उभं करतात आणि अजून तशाच कडक आवाजात विचारतात, “हे दोघे सोडा. ती पाहा. कोठें हालली आहे, दाखवा मजला!” कोणालाही दाखवता येत नाही. मी तिथेच खुर्चीत बसलेला असतो. पाठमोरी माणसं वयानुसार बदलतात म्हणून मला कोणी ओळखत नाही.

साहेब निवृत्त होऊन पुण्यात आहेत. दिवाळीला न चुकता फोन करतात, माझी चौकशी करतात, सासुरवाडीचीही करतात. मी सगळे बरे आहेत म्हणतो. मामांना देवनागरी वाचायला वेळ लागतो, म्हणून हे छापून आलं की मला त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाचावं लागेल; ते मी वाचीन. साहेबांना वाचता येतं. तरीही त्यांना हे माझ्या तोंडून ऐकवायचं आहे, की त्या बाई माझ्या मामेसासूबाई होत्या. ते मी अजून सांगितलेलं नाही. ते मी देणं लागतो.